शहरी द्रुतगती मार्ग आणि वाहतूक कॉरिडॉर: नियोजन आणि निधीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉरिडॉर आणि द्रुतगती मार्ग हे एकच का?

नाही. द्रुतगती मार्ग हा रस्त्याचा एक प्रकार आहे. त्यावर सिग्नल नसतो, चौक नसतो, आणि ठरलेल्या रॅम्पवरूनच आत-बाहेर करता येते. कॉरिडॉर म्हणजे जमिनीचा सलग पट्टा. त्यात आज रस्ता असेल, उद्या बसमार्गिका येईल, परवा मेट्रो. जलवाहिन्या, मलवाहिन्या आणि वीजवाहिन्याही त्याच पट्ट्यातून जातात. कोपनहेगनच्या १९४७ च्या ‘फिंगर प्लॅन’मध्ये शहराची वाढ लोहमार्गांलगतच्या पट्ट्यांतच व्हावी आणि मधली जमीन हिरवी राहावी असे ठरवले गेले. ब्राझीलच्या कुरितिबामध्ये उंच इमारतींना मुख्य बसमार्गांलगतच परवानगी देण्यात आली. दोन्हीकडे पट्टा आधी ठरला, इमारती नंतर. नियोजनाचा क्रम हाच असावा.

आराखडा किती वर्षांचा असावा?

निदान २० वर्षांचा, आणि जमिनीच्या आरक्षणापुरता ३० ते ५० वर्षांचा. अमेरिकेत १९६२ च्या कायद्यापासून ५० हजारांवर वस्ती असलेल्या नागरी क्षेत्रांना केंद्राचा रस्ते-निधी हवा असेल, तर सतत चालणारी, सर्वसमावेशक नियोजन प्रक्रिया ठेवावी लागते. तिथला महानगरीय आराखडा किमान २० वर्षांचा असतो आणि दर ४ किंवा ५ वर्षांनी सुधारला जातो. त्याखाली किमान ४ वर्षांचा कामांचा कार्यक्रम असतो. त्यात कोणते काम, कोणत्या वर्षी, कोणत्या खात्यातून, हे लिहावे लागते.

१९९१ पासून तिथे आणखी एक अट आली: आराखड्यातला खर्च अपेक्षित उत्पन्नात बसला पाहिजे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हेच कायद्यात लिहिले गेले. ही अट नसेल तर आराखडा म्हणजे इच्छांची यादी होते. प्रत्येक वॉर्डाला एक उड्डाणपूल मिळतो आणि क्रम कुणीच लावत नाही. मग पैसे येतील तेव्हा ज्याचा आवाज मोठा त्याचे काम आधी होते.

जमीन इतकी आधी का राखून ठेवायची? आणि किती रुंद?

रुंदीचा हिशेब कागदावर करून पाहा. सहा मार्गिका, प्रत्येकी ३.५ मीटर: २१ मीटर. बाहेरच्या बाजूचे आपत्कालीन पट्टे ३-३ मीटर: ६. मधला दुभाजक आतल्या कडांसह: ३. झाले ३० मीटर. दोन्ही बाजूंना ७-७ मीटरचे सेवा रस्ते धरले की ४४. पदपथ, पावसाळी गटार आणि सेवावाहिन्यांसाठी दोन्हीकडे ४-४ मीटर धरले की ५२. मध्ये कधीतरी दुहेरी लोहमार्ग किंवा बसमार्ग यायचा असेल तर आणखी १० मीटर. म्हणजे ६० मीटरच्या पुढे, आणि स्थानके येतील तिथे त्याहून जास्त. दोन द्रुतगती मार्ग जिथे मिळतात तिथे पूर्ण क्लोव्हरलीफ (चार पाकळ्यांसारख्या वळणांचा अदलाबदलीचा चौक) करायचे तर पंधरा-वीस हेक्टर सहज लागतात.

ही जमीन मोकळी असताना घेणे आणि तिच्यावर चार मजले चढल्यावर घेणे यांत खर्चाचा फरक कित्येक पटींचा असतो. त्याहून मोठा फरक वेळेचा. संपादनाचे नव्वद टक्के काम होऊनही उरलेल्या दोन-चार भूखंडांचे दावे न्यायालयात अडकले, तर रस्ता त्या दोन-चार भूखंडांपाशीच थांबतो. कंत्राटदार यंत्रे उभी ठेवून भरपाई मागतो.

आरक्षण टाकून विसरून जाणे ही दुसरी चूक. मालकाला ना विकता येते, ना बांधता येते, ना मोबदला मिळतो. न्यायालये अशी टांगती आरक्षणे रद्द करतात आणि ते बरोबरच आहे. म्हणून आरक्षणासोबत तीन गोष्टी हव्यात: दरवर्षी थोडी थोडी जमीन घेण्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष, रोखीऐवजी विकासहक्क (दुसरीकडे जास्त बांधकामाची परवानगी) देण्याची सोय, आणि पट्ट्यात चुकून बांधकाम परवाना जाऊ नये म्हणून परवाना विभागाच्या नकाशावर तीच रेषा. ही तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त. चुकते बहुतेक वेळा तीच.

भविष्यातील वाहतुकीचा अंदाज कसा काढतात?

पद्धत १९५० च्या दशकात शिकागोसारख्या शहरांच्या अभ्यासांतून पक्की झाली आणि अजून तिचा सांगाडा तोच आहे. चार पायऱ्या: कोणत्या भागातून किती फेऱ्या निघतील, त्या कुठे जातील, कशाने जातील, आणि कोणत्या रस्त्याने. त्यासाठी घरोघरी सर्वेक्षण, वाहने थांबवून ‘कुठून-कुठे’ची विचारणा, चौकांवरची मोजणी, आणि आता मोबाइलच्या हालचालींची माहिती वापरतात. हे सगळे मांडणारे गणिती प्रतिमान आधी आजच्या मोजणीशी जुळवून पाहतात. जुळले तर पुढच्या वर्षांची लोकसंख्या आणि रोजगार घालून चालवतात.

चुकते ते गणितात कमी आणि आत घातलेल्या आकड्यांत जास्त. नवे उपनगर दहा वर्षांत भरेल असे धरले आणि वीस लागली, की सगळेच कोसळते. मोठ्या प्रकल्पांचे अभ्यासक बेंट फ्लिवबियर्ग आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवले की तपासलेल्या रस्ते प्रकल्पांपैकी निम्म्यांत प्रत्यक्ष वाहतूक आणि अंदाज यांत २० टक्क्यांहून जास्त फरक होता. टोल रस्त्यांवर तर अंदाज फुगण्याचे ठरलेले कारण असते: ज्याचा अंदाज सर्वांत मोठा, त्याची बोली सर्वांत चढी, आणि कंत्राट त्यालाच. सिडनीचा क्रॉस सिटी बोगदा २००५ मध्ये उघडला आणि २००६ च्या अखेरीस चालवणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. लेन कोव्ह बोगदा २००७ मध्ये उघडला, २०१० मध्ये तेच. ब्रिस्बेनचा क्लेम-सेव्हन बोगदा २०१० मध्ये उघडला, २०११ मध्ये तेच.

मार्गिका वाढवल्या की कोंडी सुटते ना?

काही काळ. मग जे लोक आधी लवकर निघत, दुसऱ्या रस्त्याने जात, ट्रेनने जात किंवा ती फेरीच टाळत, ते परत येतात. शिवाय नव्या रस्त्याच्या टोकाला नवी घरे उभी राहतात. दुरान्तों आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी महानगरांची आकडेवारी तपासली, तेव्हा आंतरराज्य महामार्गांची मार्गिका-लांबी जितक्या प्रमाणात वाढली जवळपास तितक्याच प्रमाणात वाहनांनी कापलेले अंतरही वाढलेले दिसले. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ मध्ये प्रचंड रुंद झाला, काही ठिकाणी सेवा रस्त्यांसह वीसपेक्षा जास्त मार्गिका. काही वर्षांत गर्दीच्या वेळेचा प्रवास पुन्हा लांबू लागला.

याचा अर्थ रस्ता कधीच रुंद करू नये असा नाही. जास्त लोकांना प्रवास करता येणे हाही लाभच आहे. पण प्रकल्प अहवालात ‘कोंडी सुटेल’ हे कारण लिहिले असेल आणि वाढलेल्या मागणीचा हिशेब कुठेच नसेल, तर तो अहवाल परत पाठवावा.

एका मार्गिकेतून किती माणसे जातात?

द्रुतगती मार्गाच्या एका मार्गिकेतून तासाला साधारण २,००० ते २,४०० मोटारी. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तरी ३,००० ते ३,६००. आणि हा आकडा वाहतूक सुरळीत असतानाचा आहे. एकदा रांग लागली की त्याच मार्गिकेतून तासाला कमी गाड्या बाहेर पडतात, म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच क्षमता घटते. रॅम्पवर सिग्नल लावून गाड्या थोड्या थोड्या आत सोडतात ते यासाठीच.

बसला दिलेली एक मार्गिका याच्या कितीतरी पट माणसे नेते. न्यूयॉर्कच्या लिंकन बोगद्याकडे जाणारी बसमार्गिका १९७० च्या सुमाराला विरुद्ध दिशेची एक मार्गिका सकाळपुरती घेऊन सुरू झाली. एक वीटही न रचता.

जमिनीवर, उन्नत की भुयारी?

जमिनीवरचा सर्वांत स्वस्त, पण वस्ती दोन तुकड्यांत कापतो. पादचाऱ्यांना ओलांडायला दर ३००-४०० मीटरवर सोय हवी, आणि ती मूळ अंदाजपत्रकात हवी. नंतर ‘वेगळ्या निधीतून’ म्हटले की ती कधीच होणार नाही असे समजा.

उन्नत मार्गाला जमीन लागत नाही हा गैरसमज आहे. खांब दुभाजकात बसतात, पण रॅम्प बसत नाहीत. खाली साडेपाच मीटर मोकळी उंची आणि वर दोन मीटर गर्डर (पुलाची तुळई) धरला तर साडेसात मीटर चढायचे. चार टक्के चढाने त्यालाच १९० मीटर लागतात, वर-खालच्या वळणांसह अडीचशेच्या आसपास. एवढ्या लांबीत खालचा रस्ता दोन्ही बाजूंनी आणखी रुंद लागतो. दोन रॅम्प फार जवळ आले, तर चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या गाड्या एकमेकींना छेदतात आणि वरही खालच्यासारखीच कोंडी होते. म्हणून रॅम्पची संख्या वाढवण्याचा आग्रह लोकप्रिय असला तरी टाळावा.

भुयारी मार्गात बांधकामाचा खर्च कित्येक पट आणि त्यावर कायमचा खर्च: हवा खेळवणे, पंप, दिवे, अग्निशमन, चोवीस तास नियंत्रण कक्ष. सिएटलमध्ये ‘बर्था’ हे बोगदा खोदणारे यंत्र डिसेंबर २०१३ मध्ये अडले, त्याच्या पुढच्या भागापर्यंत पोहोचायला वरून स्वतंत्र खड्डा खणावा लागला, आणि बोगदा २०१९ मध्ये उघडला.

खर्च का वाढत जातो?

कारणे थोडीच आहेत आणि तीच पुन्हा पुन्हा दिसतात.

एक, जमिनीखाली काय आहे ते माहीत नसते. जुन्या शहरात जलवाहिनी नकाशावर एकीकडे असते आणि खणल्यावर दुसरीकडे सापडते. खांबांच्या जागी चाचणी-खड्डे निविदेपूर्वी घ्यावेत, कार्यादेशानंतर नव्हे. सेवावाहिन्या हलवण्याचे काम वेगळ्या कंत्राटात आधी उरकले तर मुख्य कंत्राटदाराला अडवणुकीचे कारण उरत नाही.

दोन, उशीर. वर्षाला ६ टक्के भाववाढ धरली तर १०० चे काम ८ वर्षांच्या विलंबाने १५९ ला जाते, काहीही न बदलता.

तीन, व्याप्ती वाढते: मध्येच एक रॅम्प, एक पादचारी पूल, एक सुशोभीकरण.

चार, मुळातला आकडाच मंजुरीसाठी कमी दाखवलेला असतो. हे बोलायला अवघड आहे, पण वीस देशांतल्या २५८ प्रकल्पांच्या अभ्यासात रस्त्यांचा खर्च सरासरी २० टक्के, पूल-बोगद्यांचा ३४ टक्के आणि लोहमार्गांचा ४५ टक्के वाढलेला आढळला. चुका निव्वळ अनवधानाने झाल्या असत्या तर निम्म्या प्रकल्पांत खर्च कमीही झाला असता. बॉस्टनचा ‘बिग डिग’ हा महामार्ग भुयारात नेण्याचा प्रकल्प १९८२ च्या किमतींनुसार २.८ अब्ज डॉलरचा होता, संपेपर्यंत १४ अब्जांच्या वर गेला.

उपाय आहे. ब्रिटनच्या वाहतूक खात्याने २००४ पासून नव्या प्रकल्पाच्या अंदाजात तशाच जुन्या प्रकल्पांच्या अनुभवानुसार भर घालायला सांगितले. रस्त्याचा अंदाज ८० टक्के खात्रीचा हवा असेल तर ३२ टक्के वाढवा, असे तिथले तेव्हाचे कोष्टक सांगत होते.

पैसा नेमका कुठून येतो?

शेवटी दोनच ठिकाणांहून: करदात्याकडून किंवा वापरणाऱ्याकडून. कर्ज, रोखे आणि खासगी भागीदारी हे पैशाचे स्रोत नाहीत. ते पैसा आधी उभा करण्याचे मार्ग आहेत. परतफेड वरच्या दोघांपैकी कुणीतरी करतोच. हा फरक पत्रकार परिषदांत हमखास हरवतो.

इंधनकर: जुना आणि गोळा करायला सोपा. ओरेगनने १९१९ मध्ये तो पहिल्यांदा लावला. अमेरिकेच्या १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचा ९० टक्के खर्च केंद्राने उचलला आणि इंधनकरासाठी वेगळा निधी केला. पण पेट्रोलवरचा केंद्रीय कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवरच आहे. भाववाढ झाली, गाड्या कमी इंधन खाऊ लागल्या, आता विजेवर चालू लागल्या. २००८ पासून त्या निधीत सर्वसाधारण तिजोरीतून भर घालावी लागते आहे. ठरावीक रकमेचा कर महागाईशी न जोडता लावला की असेच होते. म्हणून ओरेगनने २०१५ पासून, इच्छुकांपुरता, दर मैलामागे शुल्काचा प्रयोग सुरू केला.

टोल: थेट, पण वसुलीलाही खर्च येतो, आणि शेजारी फुकट रस्ता असेल तर गाड्या तिकडे वळतात. उघडल्यानंतर पहिली दोन-चार वर्षे वाहतूक अंदाजापेक्षा कमीच असते. कर्जाचे हप्ते या काळात हलके ठेवले नाहीत तर प्रकल्प तिथेच बुडतो.

कोंडी शुल्क: सिंगापूर १९७५, लंडन २००३, स्टॉकहोम २००६ ची चाचणी आणि २००७ पासून कायम. स्टॉकहोममध्ये सीमारेषेवरची वाहतूक साधारण २० टक्क्यांनी घटली. याचा मुख्य उपयोग रस्ता मोकळा ठेवण्याचा आहे, महसूल हा दुय्यम. महसुलासाठीच दर ठरवला की दोन्ही बिघडते.

स्थानिक विक्रीकर: लॉस एंजेलिस परगण्यात २००८ मध्ये मतदारांनी वाहतुकीसाठी ३० वर्षांचा अर्धा टक्का विक्रीकर मंजूर केला. यादी आधी छापलेली असल्याने लोक मत देतात. पण मंदीत विक्री घटते आणि त्याच वेळी यादीतल्या कामांची आश्वासने मात्र तशीच राहतात.

जमिनीच्या वाढीव मूल्यातला वाटा: रस्ता किंवा स्थानक आले की शेजारची जमीन महागते, आणि त्यासाठी मालकाने काहीच केलेले नसते. हाँगकाँगची मेट्रो कंपनी स्थानकांवरच्या विकासातून खर्चाचा मोठा भाग काढते. लंडनमध्ये क्रॉसरेल या नव्या रेल्वेमार्गासाठी २०१० पासून मोठ्या व्यावसायिक मालमत्तांवर अधिभार लावला गेला. मात्र हे स्थानकांभोवती चालते. द्रुतगती मार्गाला अगदी लागून असलेल्या घरांची किंमत आवाजाने आणि धुराने उलट पडू शकते, म्हणून रस्त्याच्या अहवालात या उत्पन्नाचा मोठा आकडा दिसला की शंका घ्या.

खासगी कंपनीशी सवलत करार (ठरावीक मुदतीसाठी रस्ता चालवून टोल घेण्याचा हक्क) करताना काय बघायचे?

पहिले म्हणजे स्पर्धाबंदीचे कलम. कॅलिफोर्नियाच्या एसआर-९१ रस्त्यावर १९९५ मध्ये खासगी कंपनीने वेळेनुसार बदलत्या टोलच्या मार्गिका सुरू केल्या. करारात होते की सरकारने शेजारच्या फुकट मार्गिका सुधारायच्या नाहीत. कोंडी वाढली, सरकारचे हात बांधलेले. अखेर ऑरेंज परगण्याच्या वाहतूक प्राधिकरणाने २००३ मध्ये तो हक्क २० कोटी ७५ लाख डॉलरना विकत घेतला.

दुसरे, मुदत. शिकागो स्कायवे हा टोल रस्ता २००५ मध्ये ९९ वर्षांसाठी १.८३ अब्ज डॉलरना भाड्याने गेला. रक्कम लगेच हातात येते, उत्पन्न चार पिढ्यांचे जाते. तिसरे, वाहतूक कमी पडली तर कोण सोसणार. सरकारने किमान महसुलाची हमी दिली असेल तर जोखीम खासगी नाही, नुसता नफा खासगी आहे. चौथे, परत देताना रस्ता कोणत्या अवस्थेत हवा हे मोजता येईल अशा शब्दांत: खडबडीतपणाची मर्यादा, पुलांची तपासणी श्रेणी, थराचे उरलेले आयुष्य. नाहीतर शेवटची पाच वर्षे देखभाल थांबते.

लाभ-खर्च गुणोत्तर १ च्या वर आहे. मग प्रकल्प चांगलाच ना?

आधी सूट-दर, म्हणजे भविष्यातला लाभ आजच्या किमतीत आणण्याचा दर, विचारा. तीस वर्षांनी मिळणारा १०० चा लाभ ३.५ टक्के दराने आज ३६ भरतो आणि ८ टक्के दराने फक्त १०. मग लाभाची फोड बघा. रस्त्यांच्या बाबतीत मोठा भाग वाचलेल्या वेळेचा असतो, आणि तो अनेकदा लाख लोकांची दोन-दोन मिनिटे मिळून झालेला. मागणी वाढून ती दोन मिनिटे पाचव्या वर्षी संपली, तर पुढच्या पंचवीस वर्षांचा लाभही कागदावरच राहतो. आणि पर्याय काय तपासले? ‘काहीच न करणे’ विरुद्ध ‘आठ मार्गिका’ एवढीच तुलना असेल तर उत्तर आधीच ठरलेले होते.

देखभालीला किती लागते?

ढोबळ हिशेबासाठी बांधकाम खर्चाच्या १ ते २ टक्के, दरवर्षी, कायम. पण तो सारखा येत नाही. पहिली काही वर्षे भेगा बुजवणे आणि गटारे साफ करणे एवढेच असते, म्हणून तरतूद कापली जाते. मग दहा-पंधरा वर्षांनी डांबराचा वरचा थर, पुलांचे प्रसरण सांधे, नंतर बेअरिंग (गर्डर खांबावर ज्यावर टेकतो तो भाग) असे सगळे एकदम अंगावर येते.

पाणी हा पहिला शत्रू. सांधा गळला की पाणी बेअरिंगवर आणि खांबाच्या टोपीवर (खांबाच्या माथ्यावरच्या आडव्या काँक्रीटवर) पडते, सळ्या गंजतात, काँक्रीट फुगून सुटते. सांध्यातली रबरी पट्टी वेळेत न बदलल्याने अख्खी टोपी दुरुस्त करावी लागते. दुसरा शत्रू जड धुरा, म्हणजे चाकांच्या आसावरचे जास्त वजन. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इलिनॉयमध्ये झालेल्या एएएसएचओ (अमेरिकी राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना) रस्ते चाचणीतून चौथ्या घाताचा ढोबळ नियम निघाला: धुऱ्यावरचे वजन दुप्पट, तर नुकसान सुमारे सोळापट. वजनकाटे चालू ठेवणे हे सर्वांत स्वस्त रस्तेकाम आहे.

देखभालीचा प्रश्न शेवटी जिवाचा असतो: १९६७ मध्ये उघडलेला इटलीतल्या जेनोव्हाचा मोरांदी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळला आणि ४३ माणसे गेली.

टप्प्याटप्प्याने बांधता येतो का?

येतो, पण प्रत्येक टप्पा एकटा उपयोगी पडला पाहिजे. केपटाउनमधला फोरशोर द्रुतगती मार्ग १९७० च्या दशकात मध्येच थांबला आणि त्याची अर्धवट टोके हवेत तशीच राहिली. पहिल्या टप्प्याचे शेवटचे टोक अरुंद गल्लीत उतरत असेल तर कोंडी फक्त जागा बदलते. त्या टोकाच्या चौकाचे वेगळे वाहतूक विश्लेषण मागावे. पायाचे काम मात्र अंतिम रुंदीचे आधीच करून ठेवावे, कारण नंतर चालू रस्त्याखाली खणणे फार महाग पडते.

बांधलेला मार्ग पाडलेली उदाहरणे आहेत का?

आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचा एम्बार्कडेरो हा उन्नत मार्ग १९८९ च्या भूकंपात खिळखिळा झाला आणि १९९१ पासून पाडला गेला. सोलमध्ये छ्योंगग्येछन ओढ्यावरचा उन्नत रस्ता २००३ मध्ये पाडायला घेतला, २००५ मध्ये खालचा ओढा खुला झाला. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टमध्ये २०२० साली द्रुतगती रस्त्याच्या जागी जुना कालवा पुन्हा वाहू लागला. पाडण्याचा प्रश्न योग्य वेळी विचारायचा असतो, म्हणजे आयुष्य संपत आल्यावर, मोठ्या दुरुस्तीचे पैसे मंजूर होण्याच्या आधी. दुरुस्ती झाली की पुढची पंचवीस-तीस वर्षे तो विषय बंद.

प्रकल्प अहवाल हातात आला तर कुठून वाचावा?

सारांश सोडून द्या. आधी वाहतूक अंदाजाच्या परिशिष्टात लोकसंख्या आणि रोजगाराची गृहीतके बघा आणि ती शहराच्या विकास आराखड्याशी जुळतात का ते तपासा. मग संवेदनशीलता विश्लेषण: वाहतूक २० टक्के कमी आणि खर्च २० टक्के जास्त, दोन्ही एकत्र धरल्यावर प्रकल्प टिकतो का? बहुतेक अहवाल दोन्ही वेगवेगळे तपासतात, एकत्र नाही. मग आडव्या छेदाची रेखाचित्रे, कारण पदपथ कुठे अरुंद होतो ते फक्त तिथेच दिसते. शेवटी देखभालीचे कोष्टक: रक्कम कोणत्या खात्यातून येणार याचा रकाना रिकामा असेल, तर जनसुनावणीत पहिला प्रश्न तोच विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.